कारणाचा रकाना

वॉरनुक, ३ मार्च १९९८

प्रिय क्लॅरी,

मी नवी बंदूक घेते आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे बाकीचं पत्र तू शांतपणे वाचशील.

कारण असं की जुनीचा सांधा सैल झालाय. पूर्वी नळ्या मिटल्या की तिजोरीचं दार लागल्यासारखा आवाज यायचा. आता बिस्किटांच्या डब्याचं झाकण लागल्यासारखा येतो. तीस वर्षं झाली तिला. क्लबात हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्या मारताना मला तो आवाज ऐकू येतो आणि लक्ष तिकडे जातं.

तू हसशील. हस. बत्तीस वर्षांच्या संसारात आर्नोने सहा बंदुका आणल्या आणि एकदाही मला आधी विचारलं नाही. पण बंदूक आणली की येताना रेनमार्कवरून संत्र्यांची गोणी आणायचा. अंगणात गोणी उतरली की मी बंदुकांचं कपाट उघडून बघायची. मग तो कारण सांगायचा. एकदा म्हणाला, जुनी कोल्ह्यांसाठी, ही तबकड्यांसाठी. एकदा म्हणाला, भाव वाढणार होते म्हणून घेतली, म्हणजे पैसे वाचलेच. एकदा म्हणाला, ही तुझ्यासाठी. ती मला उचलतही नव्हती.

लेस ट्रेगियर त्याहून बेरकी. त्याने तीन बंदुकांना एकसारखे दस्ते करून घेतलेत आणि एका वेळी एकच बाहेर काढतो. बायकोला वाटतं एकच आहे. मर्ल मला म्हणाली, "ग्वेंडा, एकच बंदूक मी दर शनिवारी तीनदा पुसते, इतकी का मी वेडी आहे? पण त्याला मजा वाटते, तर वाटू दे. माझंही हे चौथं शिलाई मशीन आहे."

आर्नोला जाऊन जूनमध्ये चार वर्षं होतील. त्याच्या सहाही मी तेव्हाच विकल्या. आता कारण द्यायला घरात कोणी नाही. पोलिस ठाण्यातल्या अर्जात एक रकाना असतो, ही बंदूक कशासाठी हवी. तो मी भरीनच. पण त्याआधी कोणाशी तरी भांडून घ्यावं लागतं, नाहीतर घेतल्यासारखं वाटत नाही. म्हणून तुला लिहिलं.

इथे पाऊस नाही. गेटचा उजवा खांब कोणीतरी वाकवलाय. धान्याचा ट्रक असणार.

तुझी,
ग्वेंडा


अॅडलेड, १४ मार्च

प्रिय ग्वेंडा,

सांधा सैल झालाय हे पहिलं कारण. मी ते १९५८ साली आपल्या वडिलांना सांगितलं होतं. वडिलांनी बंदूक हातात घेतली, एक खिळा ठोकला आणि परत दिली. तुझ्या बंदूकवाल्यालाही दोन दिवस पुरतील.

मला ही सगळी कारणं पाठ आहेत, कारण मी सगळी वापरली आहेत. पुढच्या पत्रात तू काडतुसांवर येशील. त्यानंतर म्हणशील की दारू नाही, सिगारेट नाही, माणसाला एक तरी शौक हवा. शेवटी म्हणशील की आर्नो असता तर हो म्हणाला असता. आर्नो कशालाही हो म्हणायचा, तू त्याच्याशी लग्न केलंस त्याचं एक कारण तेच.

मी सोडलं, ग्वेंडा. टास्मानियातल्या त्या रविवारच्या गोळीबारानंतर कायदा बदलला तेव्हा मी रांगेत उभा राहिलो, होतं नव्हतं ते देऊन टाकलं, घरी आलो आणि चहा केला. काही कोसळलं नाही. सुटतं. तू सत्तरीला आलीस, एकटी आहेस, जवळचं दुकान तीस किलोमीटरवर आहे, आणि तुला काय हवंय, तर दुसरी बंदूक.

माझ्या शेजारचं घर मेअखेर रिकामं होतंय. दोन खोल्या, मागे लिंबाचं झाड, दवाखाना चालत पाच मिनिटं. मी मालकिणीला शब्द टाकून ठेवलाय. त्या घरात बंदुकीचं कपाट मावेल अशी एकही भिंत नाही, आणि मला ते घर आवडलं त्यात याचाही वाटा आहे.

विचार कर.

क्लॅरी

ता. क. धान्याचे ट्रक मार्चमध्ये कुठून आले? कापणी तर डिसेंबरात संपते.


वॉरनुक, २ एप्रिल

प्रिय क्लॅरी,

तू निवृत्त झालास हे तुझ्या खडूला कोणी सांगितलेलं दिसत नाही.

तर काडतुसांवर येते. चार खोकी घेतली, प्रत्येकात अडीचशे. कारखाना आतलं बूच बदलणार आहे असं लेसने ऐकलंय. लेस हे दर वर्षी ऐकतो. तरी घेतलेली बरी. काडतुसं नासत नाहीत. आपल्या क्लबात एकाही माणसाच्या घरी पाहुण्यांच्या पलंगाखाली पाहुण्याच्या बुटांना जागा उरलेली नाही. आता हजार काडतुसं घेतल्यावर ती नीट उडवणारी बंदूक नको का? आर्नो आधी बंदूक घ्यायचा, मग ती पडून राहू नये म्हणून काडतुसं. मी उलट केलं. दोन्हीकडून जमतं.

ठाण्यात जाऊन अर्ज आणला. नवीन सार्जंट आहे, पेटिफर नावाचा, वय बत्तीस, कान लाल. म्हणाला, "मिसेस नोस्के, पहिली मोडलीय का?"

"नाही."

"मग दुसरी कशाला?"

"तुझ्या बायकोकडे पातेली किती?"

"बाई, रकान्यात पातेली लिहिता येत नाहीत."

अर्ज तसाच घरी घेऊन आले. फ्रिजवर चुंबकाखाली आहे.

तुला पुरावा हवा ना? रविवारचं कार्ड सोबत ठेवलंय. पंचवीसपैकी अठरा. गेल्या वर्षी मी तेवीसच्या खाली एकदाही गेले नव्हते. पंधरा वर्षांत पहिल्यांदा लेस ट्रेगियरने मला हरवलं आणि हरवून झाल्यावर माझ्यासाठी चहा आणला. तो चहा मी सांडून टाकला. बंदूक दगा देते आहे, याहून स्पष्ट काय हवं?

त्या घराचं मालकिणीला नाही म्हणून कळव. मला लिंबू सोसत नाही.

ग्वेंडा

ता. क. ट्रक नसेल तर ट्रॅक्टर असेल. गेटचा खांब तुझ्या वर्गातला नाही.


अॅडलेड, १९ एप्रिल

प्रिय ग्वेंडा,

कार्ड दोन दिवस जेवणाच्या टेबलावर होतं. जेवण बाजूला सरकवून मी त्याकडे बघत होतो.

तुला माहीत असलेलं तुलाच पुन्हा सांगतो, ती माझी सवय आहे. आपण पाच जागांवरून पाच पाच तबकड्या मारतो. तबकडी उडवणारं यंत्र समोर खड्ड्यात. डावीकडच्या पहिल्या जागेवरून तबकडी बहुतेक डावीकडे पळते, उजवीकडच्या शेवटच्या जागेवरून उजवीकडे. तुझ्या कार्डावर पहिल्या तीन जागांचे पंधराच्या पंधरा फुटलेत. चौथ्या जागेवर तीन गेले. पाचव्यावर चार.

सैल सांधा चौथ्या जागेपासून सैल होत नाही. काडतुसांना आपण कुठल्या जागेवर उभे आहोत ते कळत नाही.

असं कार्ड मी आधी पाहिलंय. ते माझं होतं. मी सोळा वर्षांचा होतो आणि तू कुंपणावर बसून हसत होतीस. आठव. वडिलांनी कार्ड बघितलं. मला स्वयंपाकघरात नेलं आणि म्हणाले, भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखव, आता एकेक डोळा मीट. डावा मिटला तेव्हा बोट घड्याळावरून सरकलं. बंदूक माझ्या उजव्या खांद्याला होती आणि नेम मात्र डावा डोळा धरत होता. तसं झालं की छर्रे डावीकडे जातात. डावीकडे पळणारी तबकडी त्यांत सापडते, उजवीकडची सुटते. त्या हिवाळ्यात वडिलांनी मला डाव्या खांद्यावर आणलं आणि माझ्या मापाची डावी दुनळी करून घेतली.

तुझा उजवा डोळा ससाण्यासारखा होता. साठ वर्षांनंतर डोळे आपणहून खांदे बदलत नाहीत.

उजव्या डोळ्याचं काय झालं, ग्वेंडा? आणि गेटचा खांब कोणी वाकवला?

क्लॅरी


वॉरनुक, ३० मे

क्लॅरी,

सहा आठवडे लिहिलं नाही. तीन पत्रं लिहून चुलीत घातली. हे चौथं.

जानेवारीत कळलं. रेल्वेजवळच्या गव्हाच्या कोठ्या मधेच वाकलेल्या दिसायला लागल्या. मला वाटलं, उन्हाने हवा हलते आहे. मग चर्चचा खांब वाकला, मग दाराची चौकट. डावा डोळा मिटून बघितलं तर मधोमध राखाडी डाग. तुझा फोटो समोर धरला. कान दिसले, चेहरा नाही. नुकसान फारसं नव्हतं.

शहरातला डॉक्टर म्हणाला, गेलं ते परत येत नाही. डाव्याचं विचारलं तर म्हणाला, सांगता येत नाही. पाच वर्षं, कदाचित पंधरा, कदाचित मरेपर्यंत काही होणार नाही. एका डोळ्यावर गाडी चालवता येते, त्याने तपासून तसा कागद दिलाय. गेटचा खांब मीच वाकवला, तो कागद मिळायच्या आधी. आता मान वळवायला शिकले आहे.

तुला सांगितलं नाही, कारण तुझ्याकडे त्या घराची किल्ली तयार होती. सांगितलं असतं तर तू गाडी घेऊन आला असतास, माझ्या बशा वर्तमानपत्रात गुंडाळल्या असत्यास आणि सगळं प्रेमाने केलं असतंस. त्याचीच भीती होती.

मी दिलेली कारणं खोटी नव्हती. सांधा खरंच सैल आहे. काडतुसं खरंच चांगली आहेत. फक्त शेवटचं कारण मी ठेवून घेतलं होतं.

मार्चपासून मी रिकामी बंदूक डाव्या खांद्याला लावते आहे. सकाळी चहाचं पाणी उकळेपर्यंत पन्नास वेळा. आधी हात कोणा दुसऱ्या बाईचे वाटायचे. आता वाटत नाहीत. पण जुनीचा दस्ता उजव्या गालासाठी वळवलेला आहे. डाव्या गालाला लावून बार काढला की हाड सोलून निघतं. वळवून घ्यावा म्हटलं तर बंदूकवाला म्हणतो, लाकडात गाठ आहे, फुटेल. रविवारी चर्चच्या दारात मर्लने माझा गाल बघितला. विचारलं, "कोणी मारलं गं?" मी म्हटलं, "मीच." ती म्हणाली, "मग ठीक आहे," आणि आत गेली.

म्हणून मला डावी बंदूक हवी आहे.

आता तू म्हणशील, पाच वर्षांसाठी बंदूक? हो. पाच महिन्यांसाठीसुद्धा. उरलेल्या दिवसांना पुरतील एवढ्याच वस्तू घ्यायच्या असं ठरवलं, तर तू तरी मागच्या हिवाळ्यात नवा कोट का शिवून घेतलास? या वयात पहिला टिकला असता.

मला इथून सूर्य जमिनीला टेकताना दिसतो, पार टेकेपर्यंत. तुझ्या त्या घरात दोन्ही डोळे असते तरी मी आंधळी झाले असते. समोर भिंत आहे. तूच लिहिलं होतंस, पाच मिनिटांवर दवाखाना. मला पाच मिनिटांवर काही नको.

मी परवानगी मागत नाही. भांडायला माणूस हवा होता, तो तू झालास. आता भांडण झालं.

ग्वेंडा


अॅडलेड, ९ जून

प्रिय ग्वेंडा,

शेजारचं घर एका निवृत्त पोस्टमनला गेलं. पहिल्याच दिवशी त्याने लिंबाचं झाड तोडलं. त्या विषयावर मी पुन्हा लिहिणार नाही.

तू आपलं सांगितलंस, आता माझं.

मी सगळं दिलं नव्हतं. आपोआप भरणारी दिली. ती द्यावीच लागत होती, आणि देताना मला वाईट वाटलं नाही, अजूनही वाटत नाही. पण डावी दुनळी दिली नाही. ती ठेवायला कायद्याची आडकाठी नव्हती. ती रेनमार्कला बंदूकवाल्याच्या कपाटात आहे, माझ्या नावावर. परवाना संपायच्या आत मी तो दर वेळी नवा करून घेतला.

पहिल्या वर्षी स्वतःला सांगितलं, आता बाजार पडलाय, भाव चढला की विकू. मग सांगितलं, परक्याला नको, ओळखीच्या माणसाला देऊ. मग सांगितलं, वडिलांची आठवण आहे. वर्षातून दोनदा तिकडे जातो आणि लाकडाला तेल लावून येतो. शेजाऱ्यांना सांगतो, नदीकाठी हवा चांगली असते. तुला मी सगळी कारणं पाठ आहेत असं लिहिलं. ती कुठे पाठ झाली ते लिहिलं नाही.

तिचा दस्ता डाव्या गालासाठी आहे. तुला हवी तशीच. नवी घेऊ नकोस, ही घे. बंदूकवाला कागदपत्रं करून तुमच्याकडच्या दुकानात पाठवेल.

एवढं तरी मला करू दे.

क्लॅरी


वॉरनुक, २० जून

प्रिय क्लॅरी,

दोन वर्षं चहा करत होतास म्हणे.

मी रेनमार्कला फोन केला. तुझा बंदूकवाला थानासिस गोड बोलतो. तुला मास्तर म्हणतो. म्हणाला, "मास्तर येतात, तेल लावतात, तासभर बसतात, चहा पितात." म्हणजे चहाचं तेवढं खरं होतं.

त्याच्याकडून दस्त्याचं माप घेतलं. तुझे हात किती लांब आहेत हे मी विसरले होते. माझ्या खांद्याला बसायची तर दीड इंच लाकूड कापावं लागेल. मागे रबराचे तुकडे जोडून पुन्हा लांब करता येते म्हणतात, पण ते तू वाईट खुर्चीखाली पुस्तकं लावायचास तसं. कापली की ती तुझी राहणार नाही.

मला उसनी नको. दर रविवारी बार काढताना ही क्लॅरीची, जपून वापर, असं मनात म्हणायची माझी तयारी नाही. द्यायची तर कापून दे.

हो की नाही, एवढंच लिही. एका शब्दात. तुला जड जाईल, पण प्रयत्न कर.

ग्वेंडा


अॅडलेड, १ जुलै

प्रिय ग्वेंडा,

मी 'हो' लिहिलं होतं. पाकीट बंद केलं, तिकीट लावलं. पेटीत टाकण्याऐवजी खिशात घातलं आणि रेनमार्कला गेलो. म्हटलं, आपल्यासमोर कापू दे.

थानासिसने माप धरून लाकडावर पेन्सिलीने रेघ मारली. बंदूक शिकंज्यात धरण्याआधी म्हणाला, "मास्तर, एवढी जरा धरा, मी करवत आणतो." मी धरली. तो करवत घेऊन आला.

"द्या."

"थांब."

"काय झालं?"

"काही नाही. थांब जरा."

"दोन वर्षं थांबलोच आहे की," तो म्हणाला आणि करवत ठेवून चहाचं पाणी ठेवायला आत गेला.

दुकानात दुसरं कोणी नव्हतं. मी नळ्या उघडून रिकाम्या आहेत ना ते बघितलं, मिटल्या आणि ती खांद्याला लावली. वडिलांनी माप घेतलं तेव्हा मी सोळाचा होतो. आता पासष्टीचा आहे. पाठ वाकली, मान आखडली. ती बसली, ग्वेंडा. जिथे बसायची तिथेच बसली.

म्हणून, नाही.

तू एक शब्द मागितला होतास. त्याला एवढं लांब पत्र लागलं, कारण मला लाज वाटते. बहिणीचा डोळा गेला आणि मला दीड इंच लाकूड देववत नाही. त्यात मार्चमध्ये मी तुला सुटतं म्हणून लिहिलं होतं.

तू नवी घे. कारण मी विचारणार नाही. रेघ मात्र तशीच आहे. तेलाने पुसली तरी थोडी दिसते.

क्लॅरी


वॉरनुक, १९ जुलै

प्रिय क्लॅरी,

तुझं 'नाही' वाचलं आणि अंगणात जाऊन हसले. कोंबड्या घाबरल्या. तू हो म्हणाला असतास तर मी ती घेतली असती, आणि प्रत्येक बार तुझ्या खांद्यावरून काढल्यासारखा वाटला असता. लाज वाटू देऊ नकोस. निदान फार दिवस नको.

सहा तारखेला अर्ज फ्रिजवरून काढला. ठाण्यात बसून भरायचं ठरवलं होतं, म्हणजे घरी पुन्हा विचार करायला नको. सार्जंट पेटिफर खिडकीत होता.

"आलात का मिसेस नोस्के. पातेली?"

"पेन दे."

रकाना बोटभर लांब आहे. त्यात लोक काय लिहितात ते सगळ्यांना माहीत आहे. क्लबचे सभासद, तबकड्यांची स्पर्धा. लेसने तीन वेळा तेच लिहिलं, आर्नोने सहा वेळा. तेवढं पुरतं, खोटंही नसतं. मी पेन टेकवलं आणि बाकीचं मनात येऊन गेलं, सांधा, बूच, भाव, शौक, आर्नो असता तर. तुझी कारणंही आठवली. नदीकाठची हवा.

मग लिहिलं: उजवा डोळा गेला. डावा आहे.

त्याने वाचलं. कान आणखी लाल झाले. म्हणाला, "हे कारण चालतं का, बघावं लागेल."

मी म्हटलं, "बघ. तुला दोन आहेत."

त्याने डॉक्टरचा कागद मागितला. मी दिला. त्याने तो दोनदा वाचला, क्लबच्या चिटणिसाला माझ्यासमोर फोन केला आणि माझ्या ओळीच्या खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, क्लबचे सभासद, तबकड्यांची स्पर्धा. म्हणाला, "वरचं माझ्यासाठी पुरे आहे बाई, हे वरच्या साहेबांसाठी." नऊ दिवसांनी परवाना आला.

नवी डावी आहे, हलकी, लाकूड साधं, तिच्यावर ना बदक कोरलेलं ना कुत्रा. गाल सोलत नाही. सांध्याचा आवाज तिजोरीचा आहे.

आज पहिल्यांदा क्लबात नेली. डाव्या खांद्याला लावली. लेस म्हणाला, "खांदा चुकतोय, ग्वेंडा." मर्लने त्याला कोपर मारलं. पंचवीसपैकी अकरा. माझ्या आयुष्यातलं सर्वांत वाईट कार्ड. सोबत ठेवलंय, तुला वाचता येतं. पहिल्या चार जागांवर सहा. पाचव्या जागेवर पाचही.

पुढच्या महिन्याच्या आठ तारखेला, शनिवारी, दोघांच्या जोडीची स्पर्धा आहे. मी जोडीदाराच्या जागी तुझं नाव दिलंय. चिटणिसाने विचारलं, क्लॅरीने सोडलं ना? मी म्हटलं, त्याची बंदूक रेनमार्कला आहे, ज्याने सोडलं त्याची बंदूक कशी असेल? त्याने नाव लिहून घेतलं.

आपण हरणार आहोत. लेस मला पुन्हा चहा आणून देईल. या वेळी तो तू सांड.

आलास तर पाहुण्यांचा पलंग तयार आहे. खाली काडतुसं आहेत, बूट दाराबाहेर काढ. नाही आलास तर निदान बरं कारण लिही. मला आता ओळखता येतात.

ग्वेंडा


अॅडलेड, ३ ऑगस्ट

प्रिय ग्वेंडा,

शुक्रवारी अंधार पडायच्या आत पोचतो.

रेनमार्कवरून येईन. ती वाट लांबची आहे, मला माहीत आहे. पण या दिवसांत तिकडे संत्री चांगली असतात. एक गोणी आणतोय.

कपाटात जागा कर.

क्लॅरी